पंखा कोणता, बोर्ड कुठं, दाबणार कोण?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या दुकानात काउंटरखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. पंख्याचं बटण बिघडलं, की माणूस ते भिंतीतून काढून खिशात घालून आणतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "असंच द्या." नवं घेऊन जातो, जुनं तिथंच राहतं. ते परत न्यायला आजवर कोणी आलेलं नाही. मंदा ती सगळी बटणं त्या डब्यात टाकायची.

"फेकून का देत नाहीस?" मी एकदा विचारलं होतं.

"एकेकाची एकेक भानगड आहे," ती म्हणाली. "डबा हलवला की आठवतात."

मंदा माझी पत्नी. यवतमाळात बसस्टँडच्या मागच्या गल्लीतलं इलेक्ट्रिकचं दुकान तिचं, तिच्या वडिलांकडून आलेलं. बावीस वर्षं काउंटरवर तीच बसली. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी दुकानात जाऊन पेपर वाचायचो. तिच्या आजारपणात मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. गेल्या वर्षी होळीच्या आधी ती गेली. त्यानंतर मी काउंटरवर बसलो, चार दिवसांसाठी म्हणून.

आमची मुलगी पल्लवी पुण्यात असते. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला जमणार नाही असं नाही. पण कशासाठी?" एक मोबाईलवाला दुकानाची जागा भाड्यानं घ्यायला तयार होता. मी म्हणालो, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू. तोवर मला एकच गोष्ट बघायची होती. समोर आलेल्या माणसाला त्याच्या पंख्यासाठी योग्य बटण मला देता येतं की नाही? येत असेल तर दुकान ठेवायचं. नाही तर मोबाईलवाल्याला द्यायचं.

तर त्या सव्वा वर्षातली ही बटणं, अधूनमधून मंदाच्या वेळचीही. डबा हलवला की जी वर आली, ती.

*

सुरुवात चांगली झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्याच आठवड्यात घाटंजीकडचे एक गृहस्थ आले. शेषरावभाऊ. "सर, फॅनचं बटन द्या. भारीवालं द्या, पाव्हणे येऊन राह्यले घरी."

मी खणातलं सगळ्यात देखणं बटण काढलं. गुळगुळीत, पांढरंशुभ्र, त्यावर घंटीचं इवलंसं चित्र. मला वाटलं, कंपनीचं चिन्ह असेल. शेषरावभाऊंनाही ते फार आवडलं. घरी जाऊन त्यांनी ते स्वतःच बसवलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. रागावलेले मुळीच नव्हते, विचारात पडलेले होते.

"सर, पंखा एकदम फस्क्लास चालते. पन एक मानूस ठेवा लागते दाबून धराले!"

दारावरच्या घंटीचं बटण होतं ते. बोट उचललं की बंद.

"काल पाव्हणे जेवले," शेषरावभाऊ सांगत होते, "तवा मी दाबून उभा होतो. मंग मी जेवलो, तवा बायको उभी. थे म्हने, आता मी जेवतो त कोन उभं राह्यते?"

दुकानात तेव्हा रफिकभाई चहा पीत होते. रफिकभाई साठीचे, या गल्लीतले सगळ्यात जुने वायरमन. मंदाच्या वडिलांच्या काळापासून दुकानाशी जोडलेले. ते हसले नाहीत. त्यांनी उठून शेषरावभाऊंना साधं सहा अँपिअरचं बटण दिलं, ते समाधानानं गेल्यावर कपाटाचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "सर, ये पढ़े क्या कभी?"

दाराच्या आतल्या बाजूला वहीचा एक कागद चिकटवलेला. मंदाचं अक्षर. सगळ्यात वर तीन प्रश्न होते: 'पंखा कोणता? बोर्ड कुठं? दाबणार कोण?' खाली सूचना.

'छताचा साधा पंखा: सहा अँपिअर पुरे. उगाच मोठं देऊ नये.'

'रेग्युलेटर: पंख्याचाच द्यावा. बल्बचा नाही.'

'कूलर: दोन पोल. वाद घालू नये.'

आणि अगदी शेवटी: 'घंटीचं बटण वरच्या खणात ठेवावं. ह्यांच्या हाती लागू नये.'

म्हणजे हा पराक्रम मी पूर्वीही एकदा केला होता. मला आठवत नव्हता. तिनं मात्र त्याची नोंद करून ठेवली होती!

*

त्या तीन प्रश्नांपैकी तिसरा फार जणांना खटकायचा.

मंदाच्या वेळची गोष्ट. सरकारी कचेरीतले एक साहेब घर बांधत होते. सगळ्या घराची यादी टाईप करून आणलेली. प्रत्येक खोलीत पंख्याचा बोर्ड पाच फुटांवर, एका रेषेत, झकास. मंदानं यादी वाचली आणि विचारलं, "मागच्या खोलीतला पंखा दाबणार कोण?"

साहेब म्हणाले, "दाबणार कोण म्हणजे? ज्याला उकडेल तो!"

"त्या खोलीत राहणार कोण?"

"आई."

"आईंचा हात कुठवर जातो?"

 मग साहेबांना आठवलं, की आई वाकली आहे, आणि जुन्या घरातही पंखा लावायचा तर येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारते. आणि कोणी नसेल तर पदरानं वारा घेते. ते यादी घेऊन गेले. दोन दिवसांनी आले, तेव्हा त्या खोलीपुढे पेनानं लिहिलेलं होतं: 'अडीच फूट. मोठं बटण.'

वास्तुशांतीचे पेढे द्यायला ते स्वतः आले. मंदानं विचारलं, "आई काय म्हणतात?"

"काय म्हणणार! आम्ही खोलीत गेलो की बटणावर हात ठेवून बसते आणि विचारते, 'लावू का रे पंखा तुम्हाला?'"

*

रफिकभाई कमी बोलतात, पण बोलले की ते गल्लीभर फिरतं.

एका नव्या नवऱ्या मुलानं ऑनलाईन एक गोल नॉब मागवला. दिसायला सुरेख, फिरवलं की खालून निळा उजेड. त्यानं तो पंख्याच्या रेग्युलेटरच्या जागी बसवून घेतला. तेव्हापासून पंखा कण्हायला लागला. अगदी माणसासारखा. हळू केला की जास्तच.

घरात सासू-सासरे, नवी सून. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पंख्यावरून लिंबू उतरवलं. चौथ्या दिवशी त्याच शेजारणीला सांगत होत्या, की सून आल्यापासूनच हे सुरू झालं. मुलगा घाबरून दुकानात आला. पंख्याला नव्हे, आईला घाबरून.

रफिकभाई त्याच्यासोबत गेले. नॉब काढून हातात घेऊन परत आले आणि काउंटरवर ठेवला.

"सर, बल्ब का डिमर है ये. बल्ब को कम-जास्ती करनेका. पंखे की मोटर को इससे चलाओगे तो रोएगीच ना वो!"

पंख्याचा रेग्युलेटर वेगळा असतो, हे मला एव्हाना कागदावरून पाठ झालं होतं. मी तो काढून दिला. मुलगा जाता जाता थांबला. हातातल्या पिशवीत आईनं आणायला सांगितलेली आणखी पाच लिंबं होती.

"चाचा, मंग या लिंबायचं काय करू?"

"गर्मी है बेटा," रफिकभाई म्हणाले. "शरबत बना. पहला गिलास बीवी को दे."

*

आता एक माझ्यावरच्या उपकारांची गोष्ट. ही मला बऱ्याच उशिरा कळली.

दुकानाशी जोडलेला दुसरा वायरमन गौतम. राळेगावचा, आयटीआय केलेला, पस्तिशीचा. तोंडानं तिखट. मंदानं त्याला पहिलं काम मिळवून दिलं होतं, एवढंच मला माहीत होतं. मंदा गेल्यानंतर रफिकभाई आणि गौतम रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर दुकानात बसायला लागले. मला वाटायचं, चहासाठी बसतात.

कोणी गिऱ्हाईक त्यांना काही विचारायला गेलं, की दोघंही म्हणायचे, "सरले इचारा." मी विचारात पडायचो. आणि माझ्या लक्षात आलं, की गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभे राहून ते बोटं दाखवतात! एक बोट म्हणजे साधं वन-वे. दोन बोटं म्हणजे टू-वे. बंद मूठ म्हणजे कूलरचं दोन पोलचं. आणि पंजा हवेत फिरवला, की रेग्युलेटर.

एकदा एका बाईंनी अचानक मागे वळून पाहिलं. गौतमचा पंजा हवेत होता.

"याले काय झालं हो, सर?"

गौतम तसाच पंजा फिरवत म्हणाला, "मच्छर आहे, काकू."

असं सहा-सात महिने चाललं. मी त्यांच्या बोटांकडे बघायचो आणि बटण काढायचो. एक दिवस सकाळीच बाजाराची गर्दी होती, दहा-बारा गिऱ्हाइकं झाली. संध्याकाळी हिशेबाची वही बंद करताना मला आठवलं, की आज मी कोणाच्या बोटांकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी रफिकभाईंना म्हणालो, "काल तुम्ही मला काही दाखवलं नाही."

"कल?" ते म्हणाले. "सर, दिवाली से बंद है. हमारे दोनों हाथ में चाय रहती है. आपने देखाच नहीं."

*

टू-वे बटणाचं मला फार कौतुक आहे. एकच पंखा, दोन ठिकाणी दोन बटणं. दाराजवळून लावा, पलंगावरून बंद करा. त्यात वर म्हणजे बंद आणि खाली म्हणजे चालू असं काही नसतं. एक बटण तसंच राहू द्या, कुठल्याही स्थितीत, आणि दुसऱ्यानं आयुष्यभर पंखा चालवा. चालतो.

मंदाकडे एकदा एसटीतले निवृत्त कंडक्टर आणि त्यांच्या सौभाग्यवती आल्या. कंडक्टरांना उकडायचं, बाईंना वारा बोचायचा. पलंगाच्या कंडक्टरांच्या बाजूला बटण होतं, म्हणून पंखा कायम चालू. बाईंची मागणी होती, "माह्या बाजूनं बी एक पाह्यजे."

मंदा म्हणाली, "ताई, विचार करा. भांडण मिटणार नाही."

"तुमी द्या त."

दिलं. आठवड्यानं दोघं परत आले. कंडक्टरांनी लावायचा, बाईंनी पलीकडून बंद करायचा. कंडक्टरांनी परत लावायचा. दोघांनी आपापल्या बटणावर बोट ठेवून अख्खी दुपारची झोप घालवली होती.

कंडक्टर म्हणाले, "मॅडम, याच्यात असं नाही का, का माहं बटन चालन अन् हिचं त्याच्याखाली राहीन?"

"नाही भाऊ. यात दोन्ही बटणांची ताकद सारखी."

बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहा! तीस वर्षं सांगून राह्यली तुमाले. लग्नातच हे लावून घ्याले पाह्यजे होतं!"

आमच्या झोपण्याच्या खोलीतही टू-वेच आहे. एक बटण दाराजवळ, एक मंदाच्या उशाशी. मी दाराजवळचं वापरतो.

*

रिमोटच्या पंख्यांचा एक वेगळाच अध्याय आहे. त्यात मी स्वतःला निर्दोष समजतो, कारण मी सांगितलं होतं.

डिसेंबरच्या आधी राळेगावचे एक निवृत्त हेडमास्तर रिमोटचा पंखा घेऊन गेले. मी म्हणालो, "गुरुजी, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाका. पण बटण राहू द्या. रिमोट असला तरी भिंतीवर बटण हवंच."

आम्ही दोघंही मास्तर. मास्तरानं मास्तराचं ऐकल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. गुरुजी म्हणाले, "रिमोट असल्यावर बटण कशाला? दोन शिक्षकांना एकच वर्ग!" आणि त्यांनी बटण काढून, तारा सरळ जोडून, वरून गुळगुळीत पट्टी बसवून घेतली.

नेमकी थंडी पडली आणि रिमोट हरवला. पंखा फुल्ल स्पीडवर. घरभर शोध झाला. गाद्या झटकल्या, नातवाचं दप्तर उलटं केलं. मग कोणाला तरी आठवलं, की नातू सोयाबीनच्या पोत्यांवर खेळत होता, आणि ती पोती सकाळीच शिवून बाजारात गेली होती.

गुरुजींचा फोन आला. आवाज थरथरत होता. मला वाटलं, दुःखानं. तो थंडीनं थरथरत होता.

"सर, मेन स्विच बंद केलं तर पंखा थांबतो, पण घरात अंधार होतो. चालू केलं तर उजेड येतो, पण आम्ही सगळे गोधडीत बसतो. तीन दिवस झाले! सून म्हणते, सोयाबीन परत आणा!"

मी गौतमला पाठवलं. त्यानं पट्टी काढून बटण बसवलं. तो परत आल्यावर मी विचारलं, "गुरुजी काय म्हणाले?"

"काई नाही म्हनले," गौतम म्हणाला. "उठले, बटन बंद केलं, अन् पोरायले म्हनले, 'वर्गात शांतता पाह्यजे.'"

*

आता या एप्रिलमधली गोष्ट. ही सांगताना हसू येत नाही, पण न सांगता राहवतही नाही.

आमच्याकडे उन्हाळा आला की कूलर निघतात. एक तरणा माणूस आला. "सर, कूलरसाठी बटन द्या. साधं."

मी तीन प्रश्न विचारले. कूलर पत्र्याचा. बोर्ड खिडकीखाली. दाबणार कोण? "कोनीबी. लेकरं बी दाबते."

मी दोन पोलचं बटण काढलं.

"येवढं मोठं कायले? छताच्या पंख्याले जे आहे तेच द्या ना. कूलरमंदी बी पंखाच आहे!"

बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. मी त्याला समजावलं. साधं बटण एकच तार तोडतं. जुन्या घरांत तारा कधी उलट जोडलेल्या असतात. मग पंखा थांबतो, पण करंट आतच राहतो. छताचा पंखा वर असतो, त्याला कोणी हात लावत नाही. कूलर पत्र्याचा, आत पाणी, आणि बंद करून त्यात बादली ओतायला कोणीतरी जातंच. दोन पोलचं बटण दोन्ही तारा तोडतं.

"ताईनं सांगतलं असतं त आयकलं असतं, सर," तो म्हणाला. "तुमी मराठीचे मास्तर."

मी कपाटाचं दार उघडून मंदाचा कागद दाखवला. त्यानं नीट वाचला.

"'वाद घालू नये.' हे त तुमच्यासाठी लिवलं आहे, सर. मी घालू शकतो!"

"मग साधं बटण कूलरसाठी मी देणार नाही," मी म्हणालो. बावीस वर्षांत मंदानं आवाज चढवून जे कधी म्हटलं नसेल, ते मी जरा मोठ्यानंच म्हणालो. तो उठून दुसऱ्या दुकानात गेला. मला वाटलं, संपलं. योग्य बटण माहीत असणं वेगळं आणि ते देता येणं वेगळं. ते मंदालाच यायचं.

तासाभरानं तो परत आला. सोबत गौतम. या माणसानं दुसरीकडून साधं बटण आणून बसवायला नेमकं गौतमलाच बोलावलं होतं. गौतमनं विचारलं, सरांकडून का नाही घेतलं? आणि कारण ऐकून पेचकस पिशवीत परत ठेवला.

"सर, हा म्हनते, तुमी नाही देल्लं त हा लावत नाही," माणूस वैतागून म्हणाला. "तुमी दोघं मिळून आहा का?"

"दोघं नाही," गौतम म्हणाला. "तिघं."

त्यानं कपाटाचं दार उघडून मंदाच्या कागदावर बोट ठेवलं. मी दोन पोलचं बटण कागदात बांधून दिलं.

*

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पल्लवी आली. मोबाईलवाला त्याच संध्याकाळी पाच वाजता भाड्याचे कागद घेऊन घरी यायचा होता. सकाळी ती माझ्यासोबत दुकानात आली. दुकान ठेवायचं की नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. ती कपाटाचं दार उघडून आईचा कागद वाचत बसली. शेवटची ओळ वाचून हसली.

तेवढ्यात शेषरावभाऊ आले. घंटीच्या बटणाचे. सोबत गावातले तीन जण. एकानं नवं घर बांधलं होतं, त्याचं सगळं सामान घ्यायचं होतं.

त्यातला एक जण जरा कुरबुरत होता. एवढ्या लांब कशाला, घाटंजीत दुकानं नाहीत का? शेषरावभाऊंनी त्याला माझ्यासमोरच समजावलं.

"हे पाय. या सरनं मले एकडाव चुकीचं बटन देल्लं. तवापासून कवाच नाही देल्लं. बाकीच्या दुकानदारायची चूक अजून व्हाची आहे!"

पल्लवीनं तोंड कपाटाकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

मी विचारलं, "पंखे कोणते घेणार आहात?"

"सांगतो ना," तो नवा घरवाला म्हणाला. मग शेषरावभाऊंकडे पाहून, "थे तिसरं बी इचारते का हे?"

"इचारते," शेषरावभाऊ म्हणाले. "म्हनून त तुह्या बापाची उंची मोजून आनाले सांगतली."

*

आणि ही त्याच दुपारची.

उन्हाळ्यात आमचं दुकान एक ते पाच बंद असतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जेवण झालं. पल्लवी म्हणाली, "जरा पडते, बाबा." मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. दार उघडं होतं.

ती आईच्या बाजूला आडवी झाली. पंखा बंद होता. उकाडा होताच. तिनं सवयीनं उशाशी हात नेला, बटणापर्यंत, आणि थांबली. उठून बसली.

"बाबा, हे तुम्ही वापरत नाही?"

"नाही."

"तेव्हापासून?"

मी पेपरातच पाहत होतो. "दाराजवळचं चालतं ना," मी म्हणालो.

 बटणावर धुळीचा थर होता. तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि बटणाच्या कडा पुसल्या, मग वरची बाजू, मग खालची. ते हलू नये म्हणून दुसऱ्या हाताचं बोट हलकेच टेकवून धरलं होतं. सगळं पुसून झाल्यावर ती पलंगावरून उतरली, खोली ओलांडून दारापर्यंत आली, आणि तिथलं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. मग ती परत जाऊन आईच्या बाजूला आडवी झाली.

थोड्या वेळानं आतून आवाज आला.

"बाबा, तो मोबाईलवाला पाचला येणार ना? त्याला घरी नको, दुकानातच बोलवा."

"कागद तिथं करायचे?"

"कागद नाही. त्याला जागा दुसरी मिळेल. पण तिथं पंखे तर लागतीलच ना!"

मी पेपर खाली ठेवला.

"आणि तिन्ही प्रश्न मी विचारणार," ती म्हणाली. "तुम्ही फक्त मागून बोटं दाखवा."